पायी चालणाऱ्यांनी राखलेले गाव : माथेरानची पावणेदोनशे वर्षे

माथेरान गिरिस्थान नगरपरिषदेची हद्द सुमारे सात चौरस किलोमीटरची. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत भरली. पायथ्याच्या नेरळची वस्ती याहून कितीतरी मोठी. पण या लहानशा संस्थेकडे एक असे काम आहे, जे राज्यातल्या इतर नगरपरिषदांच्या वाट्याला येत नाही : मोटारीशिवाय गाव चालवायचे. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. तिथून पुढे रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी असे मोजके अपवाद सोडले, तर अगदी अलीकडेपर्यंत सगळे काही माणसाच्या पायांवर, घोड्याच्या खुरांवर आणि दोन फुटी रुळांवर चालत आले. पीठ-मीठ, गॅसचे सिलिंडर, बांधकामाचे लोखंड, शाळेची पुस्तके, लग्नाचे रुखवत, सगळे.

म्हणून माथेरानचा इतिहास नुसत्या बंगल्यांच्या यादीवरून लिहिला, तर अर्धाच हाती येतो. बंगले टिकले ते वाटा टिकल्या म्हणून, आणि वाटा टिकल्या त्या त्यांवरून ओझी वाहणाऱ्या माणसांमुळे. ही बाजू स्मरणिकांमध्ये बहुधा शेवटच्या परिच्छेदात येते. इथे तिला मुद्दाम झुकते माप दिले आहे.

इतिहासाची पुस्तके १८५० पासून सुरू होतात, डोंगर मात्र त्याआधीही माणसांचा होता. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या उतारांवर आणि पायथ्याशी होत्या. गुरे चारायला, मध काढायला, लाकूडफाटा, हिरडा आणि कंदमुळे आणायला ही माणसे वर येत-जात. पुढे साहेबांनी ज्यांना ‘पॉइंट’ म्हटले, त्यांतल्या कित्येक कड्यांच्या बगलेतून खाली उतरणाऱ्या वाटा त्यांच्या पायांनी पडलेल्या होत्या. शार्लट तलावाजवळचे पिसारनाथाचे स्थान हे माथेरानचे ग्रामदैवत. बाजारपेठ, चर्च, जिमखाना या सगळ्यांच्या गर्दीतही गावाचा पहिला नारळ आजही तिथेच फुटतो.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा मुक्काम खालापूरकडच्या चौक गावी होता. एका संध्याकाळी ते समोरचा डोंगर चढून गेले. चढले ते ज्याला आज वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने, आणि उतरले रामबागेच्या बाजूने. माथ्यावर दाट सावलीचे जंगल, जांभ्या दगडाची सपाटी आणि खालच्या कोकणपट्टीत उन्हाळ्यात न मिळणारा गारवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परत आले, मुक्काम केला, वाटा साफ करायला लावल्या आणि घर बांधले. त्या जागेला आजही ‘बाइक’ म्हणतात. पाठोपाठ कॅप्टन बार यांचे घर उभे राहिले. ‘बार हाउस’ नावाची ती रुंद पडवीची वास्तू आज हॉटेल म्हणून वापरात आहे, आणि पहिल्या पिढीतले माथेरान कसे दिसत असेल याची बरीच चांगली कल्पना देते. उंच जोते, उतरते छप्पर, तिन्ही बाजूंनी पडवी, लाल जांभ्याच्या भिंती. मुंबईच्या उकाड्यातून पळून आलेल्या माणसाला जे हवे होते, ते एवढेच.

या वसाहतीला आकार दिला तो लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी. १८५३ ते १८६० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी स्वतःच्या लॉजसाठी जागा निवडली, रस्त्यांची आखणी करून घेतली आणि गव्हर्नरच येऊ लागले म्हटल्यावर बाकीचे येणे ओघानेच आले. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची होती. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा कल्याणहून खोपोलीपर्यंत पोचला आणि नेरळला स्टेशन झाले. बोरीबंदराहून निघालेला माणूस काही तासांत डोंगराच्या पायथ्याशी येऊ लागला. महाबळेश्वराला पोचायला तेव्हा दिवस लागत. मुंबईच्या इतक्या जवळचे थंड हवेचे ठिकाण दुसरे नव्हते.

नेरळहून वर मात्र घाट चढावाच लागे. तट्टू, पालखी, खांद्यावरची खुर्ची. या प्रत्येक साधनाखाली माणसे होती. एका कुटुंबाचा उन्हाळी मुक्काम म्हणजे ट्रंका, बिछाने, भांडीकुंडी, कधी पियानोसुद्धा, आणि हे सारे साडेसातशे मीटरची चढण चढून वर न्यायचे. माथेरानच्या ‘शोधा’चे श्रेय मॅलेट यांना देताना या खांद्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही, ही मला या इतिहासातली सर्वांत मोठी त्रुटी वाटते.

वसाहतीचा कारभार सुरुवातीला अधीक्षकाकडे होता. हा बहुधा सरकारी डॉक्टर असे, आणि आरोग्य, रस्ते, जंगल, बाजार अशी सगळी व्यवस्था त्याच्या हाताखाली चाले. अशाच एका अधीक्षकाने, डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी, १८७१ मध्ये माथेरानवर पुस्तक लिहिले. त्यात डोंगरावरची माणसे, वनस्पती आणि प्राणी या तिघांना एकाच शीर्षकात आणले, आणि पहिला मान माणसांना दिला. पुढे न्यायमूर्ती एच. एम. बर्डवुड यांनी माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा यांचे हे रान नुसती शोभा म्हणून नव्हे, तर अभ्यासाचा विषय म्हणून पहिल्या दोन पिढ्यांतच नोंदले गेले. पुढच्या काळात झाड तोडायला परवानगी लागते, ही गोष्ट इथल्या माणसाच्या अंगवळणी पडली, त्याची मुळे इथे आहेत.

जमिनीची व्यवस्था हा या इतिहासातला कोरडा वाटणारा भाग आहे, पण सगळ्यात परिणामकारक तोच ठरला. माथेरानमधली जमीन सरकारची, आणि बंगल्यांचे व बाजाराचे प्लॉट भाडेपट्ट्याने दिलेले. कुणाला प्लॉटची सीमा वाढवता येत नव्हती, मनाला येईल तसे बांधता येत नव्हते, जागेचे तुकडे करून विकणे सोपे नव्हते. जगात याच्या जवळ जाणारे एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर १८३५ मध्ये मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी ओकच्या राईत प्रार्थनेसाठी तंबू ठोकले. दर उन्हाळ्यात शिबिर भरू लागले. तंबूंच्या जागी पुढे नक्षीदार लाकडी कुटिरे आली, आणि ‘वेस्लियन ग्रोव्ह’ नावाची ती व्हिक्टोरियन वस्ती आजही तशीच उभी आहे. घरे कुटुंबांची, जमीन मात्र अजूनही शिबिर भरवणाऱ्या संस्थेची. माथेरानचा आरंभ प्रार्थनेसाठी झाला नाही, कलेक्टरच्या मुक्कामातून झाला. पण उन्हाळी मुक्कामाचे गाव झाले, आणि जमिनीचा मालक एकच राहिल्यामुळे गावाचा चेहरा राहिला, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. पट्ट्यांचे नूतनीकरण, वारसांची नावे, दुरुस्तीची परवानगी यांपायी इथल्या कुटुंबांना सोसावे लागलेले हेलपाटेही याच व्यवस्थेचे आहेत, आणि तेही इतिहासात लिहिले पाहिजेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पारशी, बोहरा, खोजा, मेमन, गुजराती कुटुंबांचे बंगले वाढले. बाजारपेठ वाढली. तिच्याबरोबर चांभार, न्हावी, शिंपी, वाणी, बेकरीवाले, घोडेवाले, हमाल असे कायमचे गाव वस्तीला आले. पाहुणा ऑक्टोबर ते मे एवढाच, गावकरी मात्र बाराही महिने. पावसाळ्यात इथे धुके दिवसेंदिवस हलत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी चढते. त्या महिन्यांत वर राहणाऱ्यांचे गाव ते खरे माथेरान, असे मला नेहमी वाटत आले आहे. या गावाला स्वतःची संस्था १९०५ मध्ये मिळाली. नगरपालिका स्थापन झाली. सुरुवातीची सूत्रे अधिकारी आणि बंगलेवाले यांच्याच हाती होती, तरी रस्ते, दिवे, पाणी, सफाई यांवर बोलण्याची एक जागा गावाला मिळाली.

दोनच वर्षांनी आगगाडी आली. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बडे उद्योगपती. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान लोहमार्गाचा ध्यास घेतला आणि वडिलांच्या पैशांतून, सुमारे सोळा लाख रुपये खर्चून, तो पुरा केला. २२ मार्च १९०७ रोजी मार्ग सुरू झाला. रुळांमधले अंतर दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीसास एक. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे चाळीस मीटरवर आणि माथेरान आठशेवर. एवढी उंची गाठायला गाडी डोंगराला वळसे घेत जाते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशने आणि वाटेत एकच छोटा बोगदा. वाकड्या वळणांवर फिरू शकणारी वाफेची चार इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून आली. त्यांची सेवा १९८२ पर्यंत चालली. त्यानंतर डिझेल.

या गाडीचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे, आणि ते रास्तच आहे. २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव गेले. संस्थेच्या इतिहासात तिचे महत्त्व मात्र आणखी एका कारणाने आहे. तिने मोटारीची गरज लांबवली. १९०७ नंतर मुंबईचा मध्यमवर्गीय माणूस तिकीट काढून सहकुटुंब वर येऊ लागला, किराणा मालाच्या वाघिणी येऊ लागल्या, आणि तरीही गावातल्या लाल मातीच्या वाटा होत्या तशाच राहिल्या. स्टेशन बाजारपेठेलगत आहे. तिथून पुढे पुन्हा हमालाची पाटी, घोड्याचा लगाम आणि हातरिक्षाचा दांडा. पावसाळ्यात गाडी बंद पडे, तेव्हा तर सारा भार पुन्हा माणसांवरच येई.

या कष्टकरी माथेरानने या संस्थेला आणि देशाला दिलेला माणूस म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्येच, नाभिक कुटुंबात झाला. घरची गरिबी. शिक्षणासाठी पुण्याला गेले, कायद्याची पदवी घेतली, वकील झाले. मुंबईत वकिलीचा जम बसवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी पाठ फिरवली ती पैशाकडे आणि परतले ते आपल्या डोंगराकडे. नगरपालिकेत निवडून आले, तिचे उपाध्यक्ष झाले. साहेबांच्या बंगल्यांसाठी वसवलेल्या गावाच्या कारभारात, त्या बंगल्यांत हजामतीला जाणाऱ्या समाजातला मुलगा अशा खुर्चीवर बसला. नगरपरिषदेच्या साऱ्या इतिहासात याहून मोठी घटना मला दिसत नाही.

भाईंची दृष्टी डोंगरमाथ्यावर थांबली नाही. कर्जत आणि मुरबाडच्या पट्ट्यातला शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या कचाट्यात कसा पिचतो, हे त्यांनी वकिलीतून आणि हिंडण्यातून पाहिले होते. टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडाव्यात म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या, गावोगावी शाळा सुरू केल्या, शेतकऱ्यांची बाजू कचेरीत मांडली. त्यामुळे १९४२ ची चळवळ पेटली, तेव्हा त्यांच्यामागे माणसे होती. ‘आझाद दस्ता’ या नावाने त्यांनी भूमिगत तुकडी बांधली. मुंबईच्या कारखान्यांकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे या डोंगराळ मुलखातून जात. १९४२ च्या सप्टेंबरापासून दस्त्याने ते एकामागून एक पाडायला सुरुवात केली. सरकारने बक्षिसे लावली, पोलिसांनी रान पिंजून काढले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. त्या चकमकीत भाई आणि त्यांचे सहकारी हिराजी गोमाजी पाटील हुतात्मा झाले. भाई अवघे तीस वर्षांचे होते.

त्या महिन्यांत दस्त्याला रानाने सांभाळले, असे आपण म्हणतो. रानाने म्हणजे रानातल्या माणसांनी. भाकरी पोचवणारे, निरोप नेणारे, चोरवाटा दाखवणारे हे तेच लोक, ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी साहेबांच्या पालख्या वाहिल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही दशके तुलनेने संथ गेली. इंग्रज मालकांचे उरलेसुरले बंगले हात बदलून इथल्या कुटुंबांकडे आणि हॉटेलवाल्यांकडे आले. शनिवार-रविवारची गर्दी वाढली. चिक्की, मध, चपला यांची दुकाने वाढली. नेरळहून दस्तुरीपर्यंत मोटाररस्ता झाला आणि तिथे वाहनतळ आला. रस्ता अजून तीन किलोमीटर पुढे न्या, ही मागणी तेव्हापासूनची. मागणी करणाऱ्यांत स्वार्थी कंत्राटदार असतील, पण बाळंतिणीला रात्री खाली न्यायचे म्हटले की काय होते, हे भोगलेली कुटुंबेही होती. दोघांना एकाच पारड्यात तोलणे न्यायाचे होणार नाही.

४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि परिसराचे २१४.७३ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केले. भोवती दोनशे मीटरचा संरक्षक पट्टाही ठेवला. दस्तुरीच्या पुढे वाहनबंदी, डोंगरउतारावर बांधकामांना आळा, झाडतोडीवर बंधने, वारसावास्तूंची जपणूक. जी शिस्त शतकभर रिवाज म्हणून आणि पट्ट्याच्या अटी म्हणून चालत आली होती, तिला आता देशाच्या कायद्याचा आधार मिळाला. पर्यावरण चळवळीतल्या संस्थांनी त्यासाठी न्यायालयात दीर्घ लढा दिला होता. गावात मात्र या अधिसूचनेचे स्वागत झाले असे म्हणता येत नाही. घराला एक खोली वाढवायची तरी मुंबई-दिल्लीकडे पाहावे लागणार, ही भीती खरी होती. मला विचाराल तर अधिसूचना आवश्यक होती. ती नसती तर कडेकपारी कधीच प्लॉट पाडून विकल्या गेल्या असत्या. पण संरक्षणाची किंमत कोणी मोजायची हा प्रश्न तिने सोडवला नाही. ती किंमत पुन्हा पायी चालणाऱ्यांवर पडली.

डोंगर किती नाजूक आहे याची आठवण त्यानंतर वारंवार झाली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत लोहमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. तो पुन्हा सुरू व्हायला शताब्दीचे वर्ष, २००७ उजाडले. २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरण्याच्या घटनांनंतर गाडी काही काळ बंद राहिली, २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले, आणि त्यानंतर नेरळपासूनची पुरी फेरी ऑक्टोबर २०२२ मध्येच सुरू होऊ शकली. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढ्याच पट्ट्यात चालणारी शटल गावाला आधार झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळ, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. ज्या चौक गावातून मॅलेट यांनी चढायला सुरुवात केली, त्याच्या शेजारचाच हा डोंगर, आणि गाडली गेली ती ठाकुरांची वाडी. उतारांवरच्या बंधनांकडे केवळ विकासाची अडचण म्हणून पाहणाऱ्याने ही रात्र विसरू नये. आणि उतारांवरच्या वाड्यांना रस्ता, दवाखाना, सुरक्षित घर मिळणे हाही संरक्षणाचाच भाग आहे, हे बंधने आखणाऱ्यांनी विसरू नये.

हातरिक्षा हा या सगळ्याचा सर्वांत दुखरा भाग. पुढे एक जण ओढणारा, मागून दोघे लोटणारे, मध्ये बसलेला पाहुणा. छायाचित्रांत ती ‘जुन्या काळची गंमत’ म्हणून छापली जाते. चढावर ती ओढणाऱ्याच्या छातीचा भाता ऐकला असेल, त्याला ती गंमत वाटणार नाही. तिचा पर्याय म्हणून ई-रिक्षा द्याव्यात, ही मागणी खुद्द रिक्षा ओढणाऱ्यांचीच होती, आणि त्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली, त्या वर्षीच्या डिसेंबरात पहिल्या ई-रिक्षा धावल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांच्याही घरच्या चुली त्याच वाटेवर पेटतात, म्हणून तो विरोध समजून घेण्यासारखा होता. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी असल्याचे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा द्यायच्या त्या प्रथम या रिक्षाचालकांना, गुजरातमधल्या केवडियाच्या योजनेच्या धर्तीवर. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर मातीचे भाजलेले पेव्हर ब्लॉक घालायला मुभा मिळाली, आतल्या पायवाटा आणि घोड्यांच्या वाटा मात्र मातीच्याच ठेवायच्या.

या निर्णयाने माथेरानची ओळख पुसली जाईल असे काही जणांना वाटते. मला तसे वाटत नाही. गाव जपायचे म्हणजे माणसाच्या मानेवरचे जू जपायचे नव्हे. धूर नको, कर्णा नको, डोंगर कापणारा रुंद रस्ता नको, हे सारे ई-रिक्षातही राखता येते. अट एवढीच की परवान्यांची संख्या वाढू द्यायची नाही आणि ते बाहेरच्या मालकांच्या हाती जाऊ द्यायचे नाहीत. त्यावर नजर ठेवण्याचे काम नगरपरिषदेचेच आहे.

आणखी एक काम तिने आत्ताच हाती घ्यावे. परवानाधारक हातरिक्षा ९४ होत्या. ती ओढणाऱ्यांची, घोडेवाल्यांची, हमाल बायांची आणि पुरुषांची नावे, त्यांची मूळ गावे, किती पिढ्या हे काम केले, कोणत्या वाटेने कोणते ओझे नेले, हे सारे माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून लिहून घेतले पाहिजे. बंगल्यांचे नकाशे, प्लॉटचे पट्टे आणि अधीक्षकांची नावे दप्तरात आहेतच. त्यांच्या शेजारी ही वही ठेवली जावी, आणि पुढची स्मरणिका तिच्यावरून लिहिली जावी.